बिननळाचा रांजण

उन्हाळा आला हे अकोल्यात कुणी कुणाला सांगायची गरज नसते, आणि तरी होळी झाली की सगळे सगळ्यांना तेच सांगत सुटतात. "लागलं बापा ऊन." "यंदा लवकरच तापलं." "कूलर काढला का?" मी चाळीस वर्षं वकिली केली. जी गोष्ट दोन्ही पक्षांना कबूल आहे, तिच्यावर कोर्टात कुणी शब्द खर्च करत नाही. ऊन आहे हे सांगणाऱ्याला दिसतंय, ऐकणाऱ्याचंही डोकं तापलंय. मग दोघांनी मिळून सिद्ध काय करायचं असतं? मला या बोलण्याचा मनापासून राग यायचा. विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याच्याशिवाय चैन पडायची नाही.

विमल अमरावतीची. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी दर उन्हाळ्यात ती येईल-जाईल त्याला सांगायची, "आमच्या अमरावतीत दोन डिग्री तरी कमी असते हो." जणू त्या दोन डिग्री माहेरच्यांनी स्वतः मेहनत करून कमी केल्या होत्या. जुन्या शहरातलं आमचं घर रस्त्यावरच आहे. फाटकाशी कडुनिंब आहे. गुढीपाडव्याला गुढी उभी झाली की ती त्या निंबाखाली वाळूच्या ढिगावर रांजण मांडायची, त्याला ओलं पोतं गुंडाळायची आणि दुपारी बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ओगराळ्यानं पाणी वाढायची. लोक ओंजळ करून प्यायचे. पिऊन झालं की तोंड पुसत म्हणायचे, "लय ऊन हाय बाई." झालं, तिथून गाडी सुरू. मी आत कूलरसमोर पेपर वाचत असायचो आणि खिडकीतून ते सगळं कानावर पडायचं. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या नातीचं जमलं, कोणाचे दात काढले. दोन तास.

त्यातली नेमाची एक म्हणजे गंगूबाई. पातूरकडची माळीण. पहाटे माल घेऊन बाजारात यायची, सांभार म्हणजे कोथिंबीर, शिवाय पुदिना, लिंबं, काकड्या, आणि विकून झालं की रिकामी टोपली डोक्यावर उलटी घालून आमच्या रस्त्यानं वाशीम बायपासला जायची. तिथून तिला पातूरची काळीपिवळी जीप मिळायची. पाडव्यानंतर पहिल्या खेपेला ती रांजणात टाकायला शेताच्या बांधावरचा वाळा आणायची, मुळ्यांची एवढीशी जुडी, सुतळीनं बांधलेली. विमल ती नाकाशी धरून मला आत दाखवायला यायची. "वास तर घ्या," म्हणायची. मी पेपरातून डोकं न काढता घ्यायचो.

मागच्या वर्षी जानेवारीत विमल गेली. चार दिवस दवाखान्यात होती. तेरावं झालं, मुलगा केयूर आणि सून जुईली पुण्याला परत गेले. पाडवा आला. मी गुढी उभारली नाही, रांजणही मांडला नाही. मागच्या अंगणात पालथा पडून राहिला.

त्या एप्रिलातल्या एका दुपारी फाटकाची कडी वाजली. "बाई, ओ बाई!" माझा नुकता डोळा लागला होता, तोही कितीतरी दिवसांनी. दार उघडलं तर गंगूबाई. पदराखाली हात, काहीतरी धरलेलं. रांजणाच्या रिकाम्या जागेकडे बघून ती म्हणाली, "लय ऊन तापून राहिलं, वकीलसाहेब."

मी म्हणालो, "उन्हाळ्यात ऊन नाही तर काय बर्फ पडेल? रांजण बंद झाला आहे." आणि दार लावून घेतलं.

ती काय विचारणार होती, कशासाठी आली होती, काही ऐकून घेतलं नाही. झोपमोड झाली म्हणून मी संध्याकाळपर्यंत चिडलेला होतो.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. भेटायला येणारे महिनाभर येतात. मग ते आपापल्या कामाला लागतात, आणि त्यांची काही चूक नसते. केयूर रोज संध्याकाळी सातला फोन करतो. "बाबा, आज किती होतं अकोल्यात?" "बेचाळीस." "बापरे. पाणी पीत जा. ठेवू?" चांगला मुलगा आहे. चाळीस सेकंदांत संपतो. कधी कधी मी एखादी डिग्री वाढवून सांगतो, म्हणजे तो "बापरे" जरा लांब म्हणतो.

यंदा मार्चमध्ये एक दिवस माझ्या ध्यानात आलं की सोमवारपासून गुरुवारपर्यंत, तो फोन सोडला, तर माझ्याशी कुणी एक शब्द बोललेलं नाही. स्वयंपाकाचा डबा येतो तो फाटकाला अडकवलेला असतो. पेपर व्हरांड्यात पडलेला असतो. मी घरातच मोठ्यानं म्हणून पाहिलं, "लागलं बापा ऊन." आवाज घोगरा आला.

तेव्हा मी पाडव्याला पाणी ठेवायचं ठरवलं. लोकांसाठी, विमलच्या नावानं, असं मी केयूरला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. कुणीतरी माझ्या फाटकाशी थांबून बोलावं, एवढंच मला हवं होतं.

पण करायचं तर नीट करायचं, हा माझा स्वभाव. मी थंड पाण्याची वीस लिटरची कॅन लावली, रोज सकाळी भरून येणारी. तिला तोटी. बाजूला साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला. वर पाटी, 'थंड पाणी. पेला धुऊन ठेवावा.' आणि खिडकीशी खुर्ची घेऊन बसलो.

लोक भरपूर आले. तोटी फिरवली, प्याले, बाटल्या भरल्या, गेले. एकानं पेला धुतला सुद्धा. पंधरा दिवसांत एकानंही आत डोकावून पाहिलं नाही. बोलायचं कुणाशी, तोटीशी?

त्याच पंधरवड्यात मला गंगूबाई दिसली. तीच उलटी टोपली, चाल मात्र मंदावलेली. आमचं घर दोन घरांवर आलं तशी ती सावलीची बाजू सोडून रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि धगधगत्या भिंतीच्या कडेनं चालत राहिली. आमच्या घराच्या पुढे गेल्यावर परत सावलीत आली. सत्तरीची बाई, भर दुपारी एक वाजता, माझं फाटक चुकवायला उन्हातून गेली. मला ते बर्फाचं बोलणं आठवलं. मी खुर्चीतून उठलो, पण हाक मारायला तोंड उघडलं नाही. काय म्हणून मारायची?

रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचा रांजण सुलटा केला, घासला, भरला. जुना रांजण पाणी गार करत नाही हे विमलला माहीत होतं, मला दुपारी कळलं. मग रिक्षा करून नत्थुजी कुंभाराकडे गेलो.

"नळाचा देऊ ना साहेब?" तो म्हणाला. "आता समदे नळाचाच नेतात. कोनाले वाढत बसा लागत नाई."

"बिननळाचा द्या," मी म्हणालो.

"मंग कोनी तरी बसा लागते तिथं."

"मी बसेन."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि एक रांजण बोटाच्या पेरानं वाजवून काढून दिला. पहिलं पाणी फेकून द्यायचं, दुसरंही, हे त्यानंच सांगितलं.

कॅन बंद केली. बाज बाहेर काढली. विमलचं ओगराळं स्वयंपाकघरात खिळ्याला होतं तिथेच होतं. डोक्याला रुमाल बांधून मी निंबाखाली बसलो. अकोल्यात दुपारी बाहेर बसण्याची ही माझी पहिलीच वेळ. फुकटची शिक्षा वाटली.

पहिला आला तो गॅस सिलिंडरवाला. मी वाढलं. तो प्याला. मी तयारच होतो. "ऊन फार आहे."

"हो ना साहेब."

पुढे काय? विमल पुढे काहीतरी विचारायची, एवढं आठवत होतं. मी विचारलं, "कुठून आलात?" तो म्हणाला, गोडाऊनवरून. "किती वाजता निघालात?" दहाले. "मध्ये कुठे थांबलात? सोबत कोण होतं?" त्यानं तोंड पुसलं, "साहेब, सिलिंडर बरोबर वजनाचंच देतो मी," म्हणाला आणि अर्धी ओंजळ तशीच सांडून निघून गेला. चाळीस वर्षांची उलटतपासणी अंगात मुरलेली, ती अशी जाते थोडीच.

पण जमत गेलं. हे बोलणं म्हणजे पुरावा नव्हेच, हे मला हळूहळू कळलं. ते फाटकाची कडी वाजवण्यासारखं आहे. कडी वाजवणाऱ्याला कडीबद्दल काही सांगायचं नसतं. हे विमलला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि मी मात्र खिडकीआड बसून तिला हसत होतो.

गंगूबाई चार दिवस दिसली नाही. पाचव्या दिवशी पावणेएकला रस्त्याच्या टोकाशी टोपली दिसली. माझं लक्ष तिच्या पायांकडे. दोन घरं राहिली आणि तिनं मान वळवून पलीकडे बघितलं, रस्ता ओलांडायला. आता गेली तर ही उद्याही तिकडूनच जाईल, कायमची, हे मला स्वच्छ दिसलं. मी ओगराळं हातात घेऊन उभा राहिलो आणि भर रस्त्यात ओरडलो,

"गंगूबाई! लय ऊन आहे हो!"

समोरच्या दुकानातले दोघे बाहेर येऊन बघायला लागले. गंगूबाई रस्त्याच्या मधोमध थांबली. मी काय बोललो ते तिला खरं वाटेना. मग ती सावकाश अलीकडे आली.

"हाय तं," ती म्हणाली. टोपली उतरवली. बाजेवर नाही बसली, खाली बुंध्याशी टेकली. मी वाढायला लागलो. घाईत अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. "असू द्या, असू द्या. गारच वाटते," म्हणाली. तीन ओंजळी प्याली. पाणी तोंडात घोळवून तिनं रांजणाकडे बघितलं.

"वाळा नाई टाकला."

"नाही. मला कुठे मिळणार?"

"मागच्या साली आनला होता मी. तुमाले द्यालेच आली होती, त्या दिवशी." तिनं आवाज चढवला नाही. "तुमी दार लावलं. मंग नेला वापस."

मी म्हणालो, "चुकलं माझं, गंगूबाई."

हे वाक्य मी विमललाही कधी म्हटलं नव्हतं. गंगूबाईनं हातानंच ते उडवून लावलं. पदरानं मान पुसली, घराच्या उघड्या दाराकडे बघितलं आणि जरा पुढे वाकून, दुकानातल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं,

"बाई अजून पुन्यालेच हायेत का? केयूरदादाकडं? संक्रांतीले नातवंडाइकडं जातो म्हनत होत्या. दोन उन्हाळे झाले, इतलं काहून राह्यल्या?"

मला काही क्षण समजलंच नाही. मग समजलं. हिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा मी होतो आणि मी दार लावून घेतलं होतं. पंधरा महिने हिची बाई पुण्यात होती, नातवंडात रमलेली, परत येणारी. आणि ते आता मला मोडायचं होतं. आजवर ही बातमी मी स्वतःच्या तोंडानं कुणाला सांगितली नव्हती. केयूरनं फोन केले, पेपरात छापून आलं, लोक येताना सगळं माहीत करूनच आले. मला फक्त मान हलवावी लागली होती.

"विमल वारली, गंगूबाई," मी म्हणालो. "मागच्या वर्षी, संक्रांतीच्या चार दिवस आधी."

तिनं ओंजळ पुढे केली, पाण्यासाठी असावी असं वाटून मी ओगराळं बुडवलं, पण तिनं ते दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तशीच बसून राहिली. माझ्या हातातलं पाणी वाळूत सांडत गेलं. मीही रडलो. रस्त्यावर, दुकानदारांसमोर, डोक्याला रुमाल बांधून. जानेवारीत मला रडू आलं नव्हतं.

पलीकडून एक काळीपिवळी हॉर्न वाजवत बायपासकडे गेली. गंगूबाईनं तिकडे बघितलं आणि उठली नाही. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, उठून बाजेच्या कडेला बसली, विमल जिथे बसायची त्याच्या समोर.

"लय ऊन हाय, वकीलसाहेब," ती म्हणाली.

"हो ना," मी म्हणालो. "यंदा लवकरच लागलं."

"अमरावतीले कमी असन."

"दोन डिग्री," मी म्हणालो. "दोन डिग्री तरी कमी असते."