मालीशवाल्याचे हात

आमच्या मालीशवाल्याने एकदा उंटाचं कुबड चोळून सपाट केलं होतं. खोटं वाटत असेल तर उंटाला विचारा. त्याचा पत्ता मात्र माझ्याकडे मागू नका. मालीशवाल्याच्या थोरल्या भावाला या हातांचं कधी कौतुक नव्हतं. "लोकांची कणीक तिंबतो," असं चारचौघांत म्हणायचा.

मग थोरला गच्चीवरून पडला आणि कमरेखाली लाकूड झाला. हॉस्पिटलात उताणं पडून पडून त्याच्या माकडहाडावर लाल डाग उठला. सिस्टरने बोटाने दाबून पाहिला. लाली हटेना.

"आतलं मांस दबलंय," ती मालीशवाल्याला म्हणाली. "दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा अधांतरी राहतील अशी उशी द्यायची, चादरीला सुरकुती नको. त्या जागेवर भार द्यायचा नाही, आणि चोळायचं तर मुळीच नाही. कातडी शाबूत राहिली तर पुढच्या आठवड्यात यांना चाकाच्या खुर्चीत बसवू."

त्या खुर्चीसाठी थोरला जीव टाकत होता. छताकडे बघून बघून त्याचे डोळे विटले होते.

मालीशवाल्याने मान डोलावली. पण उंट सरळ करणारे हात मांडीवर ठेवून बसायचं कसं? "रक्त फिरायला नको का?" असं पुटपुटत, सिस्टरची पाठ वळली की तो तेलाची बाटली काढायचा.

"बरं वाटतंय का, दादा?"

"वा! हात आहेत की जादू!"

जन्मातली पहिली शाबासकी! गडी असा फुगला, की वॉर्डाच्या दारातून अंग तिरकं करून जाऊ लागला. कूस बदलायचं राहून गेलं, चोळणं वाढलं. एका सकाळी चादरीला रक्त लागलं.

सिस्टरने जखम धुतली, पट्टी बांधली. ओरडली असती तर बरं झालं असतं. कोपऱ्यातली खुर्ची तिने दुसऱ्या खाटेकडे ढकलत नेली. खुर्चीची चाकं कुरकुरत लांब जाईपर्यंत थोरला तिकडेच बघत होता.

आता मालीशवाला वेळेवर कूस बदलतो, पाठीशी उशी लावतो. तेल त्याने मोरीत ओतलं. परवा त्याने सवयीने विचारलं, "बरं वाटतंय का, दादा?"

"काही कळत नाही रे," थोरला भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "तेव्हाही कळत नव्हतं. म्हटलं, आयुष्यभर तुला नावं ठेवली, एकदा तरी बरं म्हणावं."