कासिमिरोआजोबांची साक्ष

जनरलसाहेबांनी सत्ता बळकावली त्याच वर्षी एल आल्तो शहरात घराघरांत पूजेला ठेवलेल्या पूर्वजांच्या कवट्या बोलायला लागल्या. सुरुवातीला कुणाची किल्ली कुठे पडली, कुणाचं लग्न मोडणार, असलंच काहीतरी. मग आपल्याला कुणी मारलं तेही त्या सांगू लागल्या, आणि सरकारला अचानक जनतेच्या आरोग्याची काळजी वाटायला लागली. कवट्या जमा करा, असा हुकूम निघाला. जो लपवेल त्याला शिपाई घेऊन जात आणि परत आणायचं विसरत.

वारा नावाच्या मुलीच्या घरची कवटी म्हणजे कासिमिरोआजोबा. डोक्यावर लोकरी कानटोपी, त्यावर फुलांचा मुकुट. खाणकामगारांच्या मोर्चात गोळी लागून गेलेले. पेटती सिगरेट तोंडात असली तरच ते गप्प बसत. भरल्या तोंडानं बोलू नये, हे वळण मेल्यावरही सुटलं नव्हतं.

बाहेर ट्रक थांबला तशी आईनं आजोबांना सिगरेटसकट वाळवलेल्या बटाट्यांच्या पोत्यात बसवलं.

"आजोबा, हळूहळू ओढा," वारा पुटपुटली.

कॅप्टन शिपायांसह आत शिरला. त्यांनी पलंग उलटा केला, चूल उकरली. काही मिळालं नाही. कॅप्टन निघालाच होता, तेवढ्यात एवारिस्तो नावाचा शिपाई पोत्यासमोर थबकला. सिगरेटच्या धुराचा वास आला आणि घरच्या कवटीपुढे करायच्या सवयीनं त्यानं हेल्मेट काढून मान लववली.

"पोत्याला नमस्कार करतोस?" कॅप्टननं विचारलं.

एवारिस्तो पांढराफटक पडला. वाराची आईही.

कॅप्टननं पोतं उपडं केलं. बटाट्यांच्या ढिगावर आजोबा शांतपणे झुरके घेत होते.

"ए पोरी, ती सिगरेट काढ. तोंडाला पट्टी बांधायचीय."

पट्टी बांधली की आजोबा कायमचे गप्प, आणि आई ट्रकमध्ये. तिनं सिगरेट काढली, आणि पट्टी यायच्या आत विचारलं, "आजोबा, तुम्हाला कुणी मारलं?"

"हा काय, समोर उभाय," आजोबा म्हणाले. "तेव्हा बारीक होता. आता पोट सुटलंय."

कॅप्टननं पिस्तूल काढून वाराकडे रोखलं. "कवट्या खोटं बोलतात."

कवटीसमोर असलं बोलायला एल आल्तोमधला चोरसुद्धा धजत नाही.

एवारिस्तोनं घसा खाकरला. "आजोबा, त्या दिवशी माझा भाऊ होता का तिथं? फर्मिन. कान मोठे होते त्याचे."

"होता की. माझ्या शेजारीच पडला. आई चिडेल म्हणत होता, नवा शर्ट खराब झाला म्हणून."

"पुरे," कॅप्टन ओरडला. "या बायकांना ट्रकमध्ये घाला. हा हुकूम आहे."

एवारिस्तो हलला नाही. बाकीचे शिपाईही हलले नाहीत. पिस्तूल अजून वाराकडेच रोखलेलं होतं. तिनं आईचा हात घट्ट धरला.

मग एवारिस्तो दाराकडे गेला, दार आतून लावलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"आजोबा, सावकाश सांगा," तो म्हणाला. "कॅप्टनसाहेबसुद्धा ऐकतील."