अंगठ्याचा रकाना

योगेशचं काम करायला सोपं आणि सांगायला अवघड होतं. पंपाच्या कारखान्याला माल देणारे चाळीस पुरवठादार आणि एकाच वस्तूला चाळीस नावं. सगळ्यांच्या कॉम्प्युटरांना एकमेकांचं बोलणं कळावं, म्हणून कुठली वस्तू म्हणजे नेमकं काय, याची जंत्री तो हिंजवडीत बसून बनवत होता. यवतमाळला आईला त्यानं सांगितलं, मी वस्तूंची ओळखपरेड घेतो. तिनं शेजारी सांगितलं, पोरगा पोलिसात आहे.

वारज्यात त्या चाळिसांतल्या दीनानाथ लेल्यांचं छोटं वर्कशॉप होतं. तिथं तो परराज्यातल्या एका कारखान्याचा स्वस्त पितळी बुश, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती बसणारं नळकांडं, घेऊन गेला. हा तुमच्या बुशासारखाच आहे का, एवढंच लेल्यांनी ऑनलाइन भरायचं होतं. नियमच तसा होता. कबुली जुन्या पुरवठादारानंच द्यायची. सारखा ठरला की ऑर्डर स्वस्ताकडे जाणार, हे योगेशनं हळूच सांगितलं. काका, काहीतरी फरक लिहा, असंही सुचवलं.

लेल्यांनी मायक्रोमीटर लावला. दोनदा. एकतीस वर्षं त्यांचा माल ड्रॉइंगबरहुकूम गेला होता, आणि हाही बरहुकूम निघाला.

"मायक्रोमीटरला खोटं बोलायला शिकवायचं राहून गेलं बघ," ते म्हणाले आणि 'तंतोतंत समान'वर क्लिक केलं.

लेथवरच्या धोंडिबाला हे चहाच्या वेळी कळलं. परका बुश उचलून त्यानं आतल्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा रोज प्रत्येक बुशावरून फिरवायचा. अंगठ्यावर रक्ताची रेघ उमटली. असली कड पंपाचं सील महिनाभरात खाते.

लेले त्या रेघेकडे बघत राहिले. मग एरवी अरे-तुरे करणाऱ्या त्यांनी योगेशला विचारलं, "अहो, हे कुठं भरायचं?"

व्यासाला रकाना होता, लांबीला होता, रंगालासुद्धा होता. अंगठ्याला नव्हता. भरलेलं उत्तर मागं घेता येत नव्हतं, आणि नव्या रकान्याला चाळीसही पुरवठादारांची संमती हवी होती. बैठक तीन महिन्यांनी. योगेशनं तरी अर्ज टाकला. कॉम्प्युटरचं लगेच उत्तर आलं : 'अंगठा' ही वस्तू आपण किती नगांत पुरवू शकता?

आठवड्याभरात लेल्यांची ऑर्डर स्वस्ताकडे गेली. शेवटचा माल निघायच्या दिवशी योगेश रजा काढून आला आणि न विचारता खोकी उचलू लागला. लेले बाहेरच बसून होते. धोंडिबाच्या उजव्या अंगठ्याची पट्टी निघायची होती, म्हणून तो डाव्या अंगठ्यानं एकेक बुश तपासत होता. योगेश म्हणाला, मामा, ऑर्डर तर गेली, आता कशाला?

"पंपाला कुठं म्हाईत हाय," धोंडिबा म्हणाला आणि त्यानं पुढचा बुश उचलला.