शेवटच्या गल्लीतला दाब

संकेश्वरजवळच्या एका गावात नवी पाइपलाइन झाली, तरी बुद्धविहारामागच्या गल्लीत पाणी चढेना. लाइनचा आराखडा करणाऱ्या बेळगावच्या ऑफिसात युवराज सरांनी कॉम्प्युटरवर पुन्हा हिशेब चालवला. पाइप जिथं मिळतात त्या प्रत्येक जोडाचा दाब शेजारच्या जोडांवरून काढायचा, नव्या आकड्यांवरून परत काढायचा, आकडे हलायचे थांबेपर्यंत. आकडे थांबले. त्या आकड्यांनुसार गल्लीत भरपूर दाब होता. तिथं दाब मोजायला बसवलेल्या मीटरचा काटा मात्र जेमतेम हलत होता.

"मधी कुणीतरी चोरून जोडणी घेतलीया," सर म्हणाले.

गावानं लगेच नाव घेतलं, कल्लाप्पाचं. तो नळजोडणीची कामं करायचा आणि गल्लीच्या तोंडाशीच राहायचा.

ऑफिसातली इंजिनिअर सुविधा पाहणीला गेली. ती स्वतः निपाणीच्या अशाच वस्तीतली. तरी कल्लाप्पाच्या दारातलं काठोकाठ भरलेलं पिंप बघून तिच्याही मनात पाल चुकचुकली.

"रातभर थेंब थेंब पडतंय, तेच भरून ठेवतोय," कल्लाप्पा म्हणाला.

"चोरीचा नळ हुडकाय आमचं अंगण उकरणार म्हणं उद्या," त्याची बायको सोनुबाई फणकारली. "उकरा. पर बाकीच्यांची का उकरत न्हाईसा?"

सुविधा ऑफिसच्या जीपकडे वळली.

ऑफिसात परतल्यावर तिनं हिशेब उघडला. सरांनी पहिला अंदाज म्हणून सगळीकडे टाकीएवढा दाब धरला होता. तिनं शून्य धरून सुरुवात केली. उत्तर वेगळंच आलं! समीकरणं तीच आणि उत्तरं दोन?

मग तिनं सरांचे आकडे समीकरणांत घालून पाहिले. शेवटच्या जोडावर जेवढं पाणी येत होतं, त्याहून जास्त नळांतून जात होतं. मेळच नव्हता. आकडे थांबले नव्हते. ते इतके हळू सरकत होते, की प्रोग्रामला थांबल्यासारखे वाटले होते.

येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा मेळ बसेपर्यंत थांबायचं नाही, अशी अट तिनं घातली. दोन्ही सुरुवाती एकाच उत्तरावर आल्या, मीटरच्या अगदी जवळ, आणि तेही मधे कुठलीच चोरी न धरता.

सर स्क्रीनवरून तिच्याकडे वळले. "तुझी माणसं म्हणून आकडा खाली आणलास काय गं?"

तिचे कान तापले. "सर, तुम्हीच चालवा. सुरुवातीचा अंदाजही तुम्हीच धरा."

त्यांनी मनाला येतील ते आकडे घालून पाहिले. दर वेळी उत्तर तेच आलं. शेवटी त्यांनी फोन लावून उकरण्याचं काम थांबवलं. अहवालात लिहिलं, की गल्लीकडे जाणारा पाइप अरुंद आहे.

सुविधा सांगायला गेली, तेव्हा कल्लाप्पा एवढंच म्हणाला, "आमी चोर न्हाय, हे मशीननं सांगाय लागलं व्हय?"

पुढं मोठा पाइप टाकला, पाणी आलं. कल्लाप्पाची माफी मात्र कुणीच मागितली नाही. ऑफिसची जीप गल्लीत शिरली, की सोनुबाई अजूनही दार लावून घेते. सुविधा जीपमध्ये असली तरी.