काळ्या काचेमागचा होकार

मंगळवार, १४ नोव्हेंबर. सकाळी धुकं, दहानंतर कोवळं ऊन, नैर्ऋत्येचा मंद वारा. त्या दिवशी मी सिरेलीच्या डोक्यावर पहिल्यांदा बसलो.

मी चौतीस नंबरचं हेल्मेट बोलतोय. दक्षिण इंग्लंडमधल्या लष्करी हेलिकॉप्टर-शाळेच्या साहित्य-खोलीत माझी खुंटी होती. याआधी मी चार डोकी सांभाळली. एकाला फार घाम यायचा, एक उड्डाणाआधी देवाचं नाव पुटपुटायचं. उरलेल्या दोघांविषयी सांगण्यासारखं काही नाही.

सिरेली कोरोई फिजी बेटांवरचा. या परक्या देशाच्या पायदळात सहा वर्षं काढून, निवडीच्या दोन परीक्षा देऊन तो वैमानिक व्हायला आला होता. साहित्य सांभाळणाऱ्या बेव्हर्लीबाईंना माझ्या आतल्या दोन गाद्या काढाव्या लागल्या.

"केवढं हे डोकं! अक्कलही तेवढीच असेल ना?"

"नाही मावशी, निम्मं नारळपाणी आहे," तो म्हणाला.

शिकवायच्या हेलिकॉप्टरला चालवायचे दोन दांडे असतात, एक शिक्षकापुढे, एक विद्यार्थ्यापुढे. शिक्षक म्हणतो, "ताबा तुझ्याकडे." विद्यार्थ्यानं "ताबा माझ्याकडे" असं मोठ्यानं म्हटलं, की मगच शिक्षक हात काढतो. नियम साधा आहे.

त्याचे शिक्षक कॅप्टन हॅडली ते वाक्य म्हणाले, की सिरेलीच्या दोन्ही भुवया वर जायच्या. माझ्या पुढच्या पट्टीला ते नेमकं जाणवायचं. सिरेलीच्या बेटांवर भुवया उडवल्या, की 'हो' झालं. वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढवायचा नाही, त्यामुळे हा होकार जास्त अदबीचा. पण उडताना माझी काळी काच खाली असते. हॅडलींना भुवया कुठून दिसणार?

तिसऱ्या आठवड्यात जमिनीपासून पाच फुटांवर असंच झालं. सिरेलीला वाटलं, आपण 'हो' म्हटलं, आता ताबा आपला. हॅडलींना उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी हात काढला नाही. दोघं दोन दिशांना दांडा ओढू लागले. शेपूट गरकन फिरली. हॅडलींनी हेलिकॉप्टर कसंबसं खाली उतरवलं.

"कोरोई! मी काय दगडाशी बोलतोय?"

भुवया पडल्या. हॅडलींनी वहीत लिहिलं: 'प्रतिसाद नाही. तिसरी वेळ.' पुढच्या मंगळवारी मुख्य परीक्षकांसमोर परीक्षा ठरली. नापास झाला, तर परत पायदळात.

दुसऱ्या दिवशी बेव्हर्लीबाई माझा पट्टा बसवत होत्या.

"आवळतंय का रे? अरे, विचारतेय मी!"

"दोनदा सांगितलं की, मावशी."

"कधी?"

भुवया पुन्हा वर गेल्या. बाईंचा हात माझ्या कडेवरच होता, तो थबकला. त्यांनी माझी काच खाली ओढली.

"आता सांग."

पुन्हा भुवया.

"मला काय दिसलं, माहितीये? माझंच तोंड! कॅप्टनलाही असंच सांगतोस का?"

त्यानं काच वर सरकवली. मग म्हणाला, "मोठ्या माणसाला तोंडावर 'ताबा माझ्याकडे' म्हणायचं? गावात म्हटलं असतं, तर आजोबांनी घराबाहेर काढलं असतं."

"इथे नाही म्हटलंस, तर हे लोक बाहेर काढतील. धर हा झाडू. ताबा तुझ्याकडे!"

"ताबा माझ्याकडे," तो कुजबुजला.

"झाडूलासुद्धा ऐकू गेलं नाही ते!"

त्या दिवशी तो झाडू चाळीस वेळा या हातातून त्या हातात गेला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "घ्या की एकदाचा ताबा!"

आता माझ्या कवचाला केसाएवढी चीर गेली आहे, म्हणून माझं उडणं बंद. मी वर्गातल्या फळीवर असतो, नव्या मुलांना काच कशी सरकवायची ते दाखवायला उपयोगी पडतो. शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती, की समोरचा गप्प वाटला, तर एकदा काच वर करून पाहा. शेवटची नोंद सांगतो आणि रजा घेतो.

मंगळवार, ५ डिसेंबर. ढगाळ, पाऊस नाही. परीक्षकांनी सहा वेळा ताबा दिला. सिरेलीनं सहाही वेळा मोठ्यानं उत्तर दिलं. शंभरात एकाहत्तर गुण. उत्तीर्ण. १२ डिसेंबरला सकाळी दहा चाळीसला त्यानं एकट्यानं उड्डाण केलं. अकरा मिनिटं.