केस पिळणारी बाई

तुलसा पडली तेव्हा उन्हं चांगलीच चढली होती, पण ती उन्हानं पडली नव्हती.

नागऱ्याच्या पुढं, तुलसाच्या गावात, बोडीतला म्हणजे गावतळ्यातला गाळ काढताना जेसीबीला दगडाची एक बाई लागली. गावच्या बायका घागरींनी तिचा चिखल धूत होत्या. तुलसाही नणंदेसोबत, दुर्गेश्वरीसोबत, सहज बघायला गेली. चिखल ओघळला आणि पाठ उघडी पडली. नुकतीच न्हालेली बाई मान एका अंगाला कलवून केस पिळत होती. केसांच्या टोकाला पाण्याचे थेंब दगडातच लोंबत होते. आणि वळताना पडते तशी कमरेवर मांसाची एक बारीक घडी. कुणीतरी बसून ती घडी कोरली होती. तुलसाच्या छातीत धस्स झालं. गुडघ्यांतलं बळ गेलं, कान सुन्न झाले, डोळ्यांना धारा लागल्या आणि ती तिथंच चिखलात कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा कपाळभर कुंकू, ओटीत लिंबू. बायका पाया पडत होत्या.

"अंगात आली माय," यादोराव म्हणाला. गावच्या देवळातली पूजा तोच करायचा.

"कोणी नाही आलं अंगात," तुलसा म्हणाली. "तिले पाहून पडली मी. लय सुंदर आहे, म्हणून पडली."

"देवी असंच बोलते," यादोरावनं बायकांना समजावलं. "आधी नाहीच म्हणते."

तेवढ्यात तिचा नवरा ओमेश्वर धावत आला. लग्न झाल्यापासून 'ए तुलसे' म्हणणारा माणूस हात जोडून उभा राहिला. "माय, काही चुकलं का आमचं?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. "माय कोणाले म्हणून राहिले? बायको आहो मी तुमची!"

तो आणखीच वाकला.

यादोरावनं ताटात तेल घेऊन शेंदूर कालवला आणि मूर्तीच्या तोंडावरून हात फिरवला. गाल, ओठांची कड, पापण्या, सगळं लाल थराखाली गेलं. मग तो पाठीकडं वळला.

"काऊन बुजवून राहिले तिले? थांबा!"

कुणी थांबेना. दुर्गेश्वरी कानाशी लागली. "वयनी, देवी बनून सांग ना. तुझं कोण आयकते? तिचं आयकतीन."

खोटं नव्हतं ते. केस सोडायचे, घुमायचं, 'मले शेंदूर नको' म्हणायचं, की झालं. तुलसानं तोंड उघडलंसुद्धा. पण जे झालं ते तिला झालं होतं. तिच्या गुडघ्यांना, तिच्या छातीला. तेही दुसरीच्या नावावर करून द्यायचं?

"मी तुलसा बोलून राहिली!" ती किंचाळली. "तुलसा!" आणि तिनं शेंदराचं ताट लाथाडलं.

यादोराव चटकन आडवा पडला. "कोपली! शेंदूर नाही चालत मायले!"

सगळं गाव चिखलात आडवं झालं.

पाठ वाचली. तुलसाचा राग मात्र उतरला नव्हता. तिनं ओमेश्वरचं मनगट धरून त्याला उठवलं, मूर्तीमागं ओढत नेलं. "जोडलेले हात सोडा आधी. पाहा. ही घडी पाहा."

ओमेश्वरनं घाबरत घाबरत दगडाकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं.

"काय पाहू, माय?"

तिनं त्याचं मनगट झिडकारलं. नवऱ्यादेखत, गावादेखत कपाळावरचं कुंकू पदरानं खसाखसा पुसलं आणि ती घराकडं निघाली. बायका हात जोडून वाट सोडत गेल्या.