पाय कापलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. हसू नका! जन्मले तेव्हा मीसुद्धा चारचौघींसारखी उंच होते. अमेरिकेतल्या वूस्टर गावच्या सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरासाठी, एका सुताराने मला घडवलं, आणि मग करवत घेऊन माझे पाय अर्ध्यावर छाटले. आम्हा ज्यू लोकांत घरचं माणूस गेलं की सात दिवस जमिनीलगत बसायचं असतं. त्या बसण्यासाठी मी होते.

आमचे धर्मगुरू, रब्बी एफ्राइम झुकर, मला काखोटीला मारून दुःखाच्या घरी पोचवायचे. एरवी माझा मुक्काम त्यांच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीत. त्यांची बायको पर्लबाई मला पाहिलं की नाक मुरडायची. "अहो, दार लावा आधी! डोळ्यांसमोर नको ती अवदसा." दार काही नीट लागायचं नाही. फटीतून मला सगळं ऐकू यायचं.

रब्बी पुस्तकं लिहायचे. देव असेल तर दिसत का नाही, प्रार्थना जातात तरी कुठे, असल्या थोर गोष्टी साध्या माणसांना कळाव्यात म्हणून. पान लिहून झालं की ते बटाटे सोलणाऱ्या पर्लबाईला वाचून दाखवत. तिने मान डोलावली तर पान टिकायचं. नाहीतर ती म्हणायची, "मला नाही बाई कळलं. म्हणजे तुम्हालाही कळलेलं नाही." की पान फाटलंच! रब्बी चिडायचे, येरझारा घालायचे आणि पुन्हा टाइपरायटरशी बसायचे. तळलेल्या कांद्याचा वास, ती खडखड आणि त्या दोघांची जुंपलेली. काय दिवस होते हो ते!

त्यातलं एक पुस्तक गाजलं. लांबलांबून माणसं भेटायला येऊ लागली. रब्बींच्या डोक्यात जराशी हवा गेली म्हणा ना. त्याच हिवाळ्यात मासेवाले हर्शेल पिन्स्कर यांचा तरुण मुलगा गेला आणि मी त्यांच्या घरी पोचले.

आमच्यात एक रीत आहे. भेटायला येणाऱ्याने आधी तोंड उघडायचं नाही. खुर्चीवरचा माणूस बोलला तर बोलायचं, नाहीतर नुसतं बसून उठायचं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट रब्बी विसरले! आल्या आल्या पुस्तकातलं सांगत सुटले. चांगलं होतं ते, अगदी मनापासूनचं होतं. पिन्स्कर मात्र खाली बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "झालं तुमचं, रब्बी? आता कोट घाला आणि घरी जा."

ही गोष्ट पर्लबाईच्या कानावर गेली. "तुम्ही आधी बोललात? तुम्ही?" एवढंच म्हणाली ती. रब्बी त्या दिवशी जेवले नाहीत. पिन्स्कर सिनेगॉगात यायचे बंद झाले.

वर्षं गेली. एका वसंतात पर्लबाईच गेली. मला कोठीतून रब्बींनी स्वतः ओढून काढलं आणि माझ्यावर बसले. इतकी वर्षं मला उचलणारा माणूस! मला त्यांचा भार सोसवेना.

शेजारीपाजारी उकडलेली अंडी घेऊन आले, शेवयांचा गोड कुगेल घेऊन आले. पण रब्बी बोलेनात, आणि ते बोलत नाहीत म्हणून कुणालाच बोलता येईना. कुणीतरी त्यांचंच पुस्तक त्यांच्यासमोर उघडून ठेवलं. रब्बींनी ते हळूच पालथं घातलं. दाराशी बायका कुजबुजत होत्या, "सात दिवसांनी उठतील गं, पण परत कधी बोलतील का?" "मला नाही वाटत. देवावरच रुसलेत ते." धास्ती मलाही होतीच.

पिन्स्कर पहिल्या दिवशीच आले. अंगाला माशांचा वास. कोपऱ्यात बसले, उठले, गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. रोज तसंच.

शेवटच्या सकाळी रब्बींनी मान वर केली. "पिन्स्कर," ते म्हणाले, "मला काहीच कळत नाही हो."

"हं," पिन्स्कर म्हणाले. "हे मात्र मला कळलं, रब्बी."

तेव्हा कुठे रब्बी रडले. इतके रडले की माझे सांधे करकरले. मग पिन्स्करांनी त्यांना हात दिला. "चला, उठा." सात दिवस संपले की बाहेर पडून गल्लीला एक फेरी मारायची असते. दोघे म्हातारे हळूहळू ती फेरी मारून आले.

पुढे रब्बींनी आणखी एक पुस्तक लिहिलं, अगदी लहानसं. त्याची पानं ऐकायला स्वयंपाकघरात पिन्स्कर बसायचे, मासे साफ करत. "नाही कळलं!" असे खेकसायचे की बस्स. फाडलेल्या पानांचा ढीग पाहून मला पर्लबाईची फार आठवण यायची.

आता ते दोघेही नाहीत. मी सिनेगॉगच्या तळघरात धूळ खात पडले आहे. मला पुसा, रंगवा, असं मी म्हणणार नाही. मी अडगळीत आहे याचा अर्थ गावात सगळी सुखरूप आहेत. पण मित्रांनो, कधीतरी तुमच्या ओळखीचं कुणीतरी माझ्यावर बसलेलं दिसेल. तेव्हा आपलं शहाणपण ओल्या छत्रीसारखं दाराबाहेर ठेवा. आत या, जवळ बसा, त्याला आधी बोलू द्या. आणि नाहीच बोललं, तर उद्या पुन्हा या.